एसटीचा वेग किती एमबीपीएस?

वाईहून स्वारगेटला जाणाऱ्या सकाळच्या एसटीचा वेग साडेतीन एमबीपीएस भरतो. हा हिशेब मी स्वतः केलेला आहे, छापखान्याच्या गल्ल्यावर बसून, रद्दी प्रुफाच्या पाठीवर. ४ जीबीची फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून आमचा पोरगा गाडीत बसतो, खंबाटकीचा बोगदा मागे टाकतो आणि सगळं सुरळीत असेल तर अडीच तासांत स्वारगेटला उतरतो. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा होता. तो गच्च भरून पाठवला असता तर तीच एसटी २८ एमबीपीएसनं धावली असती. छापखान्यात तेव्हा जी तार होती, तिचा फाइल वर पाठवायचा वेग होता २. म्हणजे लाल डबा सरळ सरळ जिंकला.

हे गणित मला मुळात यायचं कारण नव्हतं. मी शाळेत २८ वर्षं मराठी शिकवलं. सासऱ्यांनी पायानं मारायच्या ट्रेडलवर सुरू केलेला छापखाना ते गेल्यावर बंद करायचा की चालवायचा, असा प्रश्न आला. नवरा साताऱ्याला बँकेत, तेव्हा छापखाना माझ्याकडे आला. मशिनची काळजी तात्या घेतात. सासऱ्यांच्या हाताखाली त्यांनी खिळे जुळवले, पुढे ऑफसेटवर आले. ते मला अजून सूनबाईच म्हणतात. कॉम्प्युटरवर एक मुलगी बसते, आणि पडेल ते काम करणारा तो पोरगा. पत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल हा आमचा धंदा. रंगीत कामाच्या प्लेटा पुण्यात नारायण पेठेतून करून आणतो, कारण फाइलवरून थेट प्लेट काढणारं मशिन घेण्याची आमची ऐपत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर हा आमचा सुगीचा काळ. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. त्यामुळे तालुक्यातल्या प्रत्येक पतसंस्थेला आपला अहवाल त्याच पंधरवड्यात हवा असतो. त्या गर्दीत एका शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका आली. जुने फोटो मोठ्या आकारात स्कॅन केलेले, त्यामुळे फाइल ४ जीबीची. ती एसटीनं गेली. संध्याकाळी कळलं, की संस्थापक आणि पहिले मुख्याध्यापक यांच्या फोटोंखालच्या ओळींची अदलाबदल झाली आहे. चूक माझीच, प्रूफ मीच वाचलं होतं. दुरुस्त केलेला सोळा पानांचा फॉर्म साधारण ६०० एमबीचा. म्हटलं, एवढा तरी तारेनं जाईल. चाळीस मिनिटं लागली आणि ९७ टक्क्यांवर गाडी अडली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ९१ वर. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा तात्यांनी पोरग्याकडे नुसतं बघितलं. तो चपला घालून तयारच होता.

त्या रात्री मी ठरवलं, नवीन ब्रॉडबँड घ्यायचं. ठरवायला पाच मिनिटं लागली, निवडायला पाच आठवडे.

पहिला आला तो पाठीवर सॅक आणि हातात टॅब असलेला एक मुलगा. त्यानं आमचा वाडा पाहिला, वर पाहिलं, टॅबवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, फिजिबल दाखवतंय." मला वाटलं काहीतरी दोष सापडला. तो शब्द पुढे मी इतक्यांदा ऐकला की स्वप्नातही आला. त्यांच्या भाषेत 'फिजिबल' म्हणजे तुमच्या दारापर्यंत त्यांची तार येऊ शकते. टॅबला फिजिबल वाटणारी गल्ली खांबावर चढणाऱ्या माणसाला फिजिबल वाटेलच असं नाही. आठवड्यानं त्याच कंपनीचा दुसरा माणूस आला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि "इथं डब्बाच नाही" म्हणून गेला.

पण तो पहिला मुलगा गोड होता. त्यानं एक रंगीत कागद दिला. त्यावर लिहिलं होतं '१०० एमबीपीएसपर्यंत', 'अमर्याद' आणि त्यापुढे एक चांदणी. चांदणीचा खुलासा खाली मुंगीच्या अक्षरात. आम्ही छापखानेवाले, मुंगीची अक्षरं वाचायची सवय आहे. तात्यांनी खिशातून भिंग काढलं आणि म्हणाले, "साडेचार पॉइंट असंल." त्या साडेचार पॉइंटात असं होतं, की महिन्याचा ३३०० जीबीचा कोटा संपला की वेग खाली येणार. म्हणजे अमर्याद ही मर्यादेनंतरची गोष्ट. खरं सांगायचं तर ३३०० जीबी आमच्यासारख्यांना वर्षभरातही संपणार नाहीत, त्या चांदणीनं आमचं काही बिघडत नव्हतं. मला त्रास दिला तो 'पर्यंत'नं. शब्दयोगी अव्यय हा धडा मी जन्मभर शिकवला. 'पर्यंत' मर्यादा सांगतं, हमी देत नाही. शंभरपर्यंतमध्ये शून्यसुद्धा बसतं, हे सातवीतल्या मुलालाही कळतं.

मी त्याला विचारलं, "मग माझी ४ जीबीची फाइल किती वेळात जाईल?" तो म्हणाला, "मॅडम, मिनिटभरात." मी मान डोलावली. त्यानं विचारलं, "स्टॅटिक आयपी पण टाकू का?" मी त्यालाही हो म्हटलं. पंगतीत वाढपी समोर उभा राहिला की आपण नको असलेल्या भाजीलाही हो म्हणतो, तसं.

रात्री भाच्याला फोन केला. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि घरातल्या सगळ्या मोबाइलांचा वैद्य आहे. तो आधी हसला. मग म्हणाला, "मामी, धाकटा बी आणि थोरला बी यात घोळ करू नको." इंग्रजीतला बारका बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. आठ धाकटे मिळून एक थोरला. कंपन्या वेग सांगतात धाकट्यात आणि आपल्या फाइली असतात थोरल्यात. म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. ४ जीबीला त्या हिशेबानं साडेपाच मिनिटं लागतात, तेही सगळा वेग आपल्याच वाट्याला आला तर.

"आणि," तो म्हणाला, "शंभर हा खाली यायचा वेग. वर जायचा किती?"

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कागदावरही नव्हतं. बहुतेक लोक इंटरनेटवरून काहीतरी घेतात, चित्रपट, गाणी, व्हिडिओ. घरगुती नेटच्या जाहिराती त्या लोकांसाठी असतात. माझा धंदा उलटा. मी घेते थोडं आणि पाठवते फार. फोटोग्राफर, छापखाना, नकाशे काढणारा इंजिनिअर, आपण सगळे या उलट्या जातीचे. आमच्या जुन्या तारेवर खाली यायचा वेग बरा होता, त्यामुळे बातम्या झकास उघडायच्या आणि मी इतकी वर्षं समजत होते की आपलं नेट चांगलं आहे.

स्टॅटिक आयपीबद्दल भाच्यानं मला एकच प्रश्न विचारला, "तुझ्याकडे बाहेरून कुणी यायचं आहे का?" म्हणजे असं, की आपल्या जोडणीला इंटरनेटवर एक पत्ता असतो, तो एरवी बदलत राहतो. पुष्कळदा तर कंपनी शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देते, जशी वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना दिंडीदरवाज्यातली एकच टपालपेटी. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवरचं हिशेबाचं काम घरून उघडायचं असेल, आपला स्वतःचा सर्व्हर ठेवायचा असेल, तर कायमचा पत्ता कामाचा. छापखान्यातला पहाऱ्याचा कॅमेरा मोबाइलवर दिसतो तो कॅमेरा कंपनीच्या मधल्या सर्व्हरवरून, त्याला कायमचा पत्ता लागत नाही. तेव्हा ती भाजी मी पानातून काढली. वर्षाचे काही हजार वाचले.

दुसरा पर्याय गच्चीवर बसवायच्या डब्याचा. तार नाही, खांब नाही, ५जीच्या टॉवरवरून थेट हवेतून. जिओ आणि एअरटेल या दोघांनीही २०२३ मध्ये हे एअरफायबर आणलं, तेव्हापासून गावोगाव पत्र्यांवर हे डबे दिसतात. तारेचा प्रश्न नसलेल्या माणसाला ही चीज उत्तम. आमच्याकडे एकानं ती दाखवायला आणली. गच्चीवर खाली यायचा वेग दीडशेच्या पुढे. मी भाच्यासारखा आवाज काढून विचारलं, "आणि वर?" बारा. वाड्याच्या खालच्या मजल्यावर, दोन फुटी भिंतींच्या आत, मशिनशेजारी तोच वेग आणायचा तर गच्चीवरून वेगळी केबल ओढावी लागणार. बाराच्या हिशेबानं माझी फाइल पाऊण तासात गेली असती. एसटीपेक्षा कितीतरी बरं. मी जवळजवळ हो म्हणणार होते.

मध्येच एक भला माणूस लीज्ड लाइनचा कागद घेऊन आला. त्याच्या कागदावर 'पर्यंत' कुठेही नव्हतं. जेवढा वेग लिहिला तेवढा वर, तेवढाच खाली, कुणाशी वाटून घ्यायचा नाही. शिवाय हमी, महिन्यातले ९९.५ टक्के वेळ चालू राहील अशी. मी लगेच प्रुफाच्या पाठीवर मांडलं. महिन्याचे तास ७२०, त्याचा अर्धा टक्का ३ तास ३६ मिनिटं. तेवढं बंद पडायची त्यांना मुभा, त्यापुढे पैसे परत. मला हा माणूस फार आवडला. मग त्यानं वर्षाची रक्कम सांगितली. तात्या म्हणाले, "एवढ्यात सेकंडहँड कटिंग मशिन येतंय, सूनबाई." विषय संपला.

नवऱ्यानं आणि भाच्यानं मिळून तिसराच मार्ग काढला होता. वर आम्ही राहतो, खाली छापखाना. वर घरगुती प्लॅन घ्या आणि तार फटीतून खाली सोडा, स्वस्तात काम. घरगुतीचे भाव खरंच कमी, आणि वर बारा-पंधरा चित्रपटांची ॲपं फुकट. पण त्याच्या अटींत 'व्यवसायासाठी वापरू नये' असं लिहिलं होतं, पुन्हा साडेचार पॉइंटात. शिवाय बिल घराच्या नावावर. छापखान्याचा जीएसटी नंबर बिलावर असेल तर भरलेला १८ टक्के कर मला वजा मिळतो. ९९९ चा प्लॅन बिलात ११७८ रुपये ८२ पैसे होतो, त्यातले १७९ रुपये ८२ पैसे पुढे हिशेबात परत येतात. फुकटची ॲपं परत येत नाहीत, ती फक्त पोरग्याचं आणि मुलीचं लक्ष घालवतात. नवरा बँकेतला असल्यामुळे १७९ रुपये ८२ पैशांपुढे त्यानं मान तुकवली.

शेवटी मी गेले ते दोन गल्ल्या पलीकडच्या केबलवाल्याकडे. टीव्हीची केबल घालणारा हाच, आता फायबरही देतो. मोठ्या कंपनीकडून घाऊक घेतो आणि आपल्या तारांनी वाटतो. त्याचं दुकान म्हणजे गुंडाळ्यांचा ढीग. पावती मागितली तर त्यानं डायरीत पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, "जीएसटीचं बिल लागेल." तो म्हणाला, "ताई, ते कंपनीकडून काढून देतो, आजवर कुणी मागितलंच नाही."

तोपर्यंत माझी प्रश्नपत्रिका तयार झाली होती. वर जायचा वेग किती? खालीइतकाच, शंभर. लेखी देणार? देतो. बंद पडलं तर कोण येणार? "मीच. नाहीतर माझा भाऊ." रात्री? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच्या दारात उभी असताना हा काय प्रश्न. वीज गेली तर? इथे त्यानं पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. मोठ्या फायबरच्या रचनेत वाटेतला डबा नुसता काचेचा असतो, एका तारेतल्या प्रकाशाच्या वाटण्या करतो. त्याला वीज लागत नाही. पण काही जण खांबावर विजेवर चालणारी पेटी ठेवतात, मग त्या गल्लीची वीज गेली की तुमच्याकडे इन्व्हर्टर असूनही नेट जातं. त्याच्याकडे पूर्वी तशाच पेट्या होत्या, त्यानं दोन वर्षांपूर्वी बदलल्या. बॅटरी फक्त त्याच्या दुकानात लागते. ती त्यानं मला मागच्या खोलीत नेऊन दाखवली. आपल्या टोकाला ओएनटी, म्हणजे तार जिथे येते तो डबा, आणि राउटर चालतात १२ व्होल्टवर, त्यांच्यासाठी वहीएवढा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या म्हणाला.

"ताई, वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट." मी महिन्याचेच भरले. तो हसला. त्याला कळलं असावं.

तार जोडायला त्याचा भाऊ आला त्या दिवशी आमच्या छापखान्यात मशिन बंद राहिलं, कारण तात्या जागचे हलेनात. त्या भावानं ओट्यावर बैठक मारली. काळ्या केबलच्या पोटातून केसासारखी काच काढली, स्पिरिटनं पुसली, एका चिमटीसारख्या कातरीत ठेवून टोक सरळ कापलं. मग दोन टोकं एका यंत्रात समोरासमोर. यंत्राच्या छोट्या पडद्यावर ती दोन जाड खांबांसारखी दिसत होती, थोडी वरखाली. यंत्रानं ती आपोआप हलवून एका रेषेत आणली. तात्या ओरडलेच, "रजिस्टर जुळवतंय!" चार रंगांची छपाई करताना एका रंगावर दुसरा रंग केसाएवढाही सरकू नये म्हणून ते आयुष्यभर हेच करत आले आहेत. निळी ठिणगी उडाली, काच काचेत वितळली. पडद्यावर आकडा आला, ०.०२. "हा काय?" "सांध्यात किती उजेड वाया गेला ते." तात्यांनी भिंगातून तो सांधा पाहायचा प्रयत्न केला. दिसलाच नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ०.०२ सांगत होते.

मग त्यानं आमच्या टोकाला मीटर लावलं. उणे १९. मी घाबरले. म्हणाला, हा आकडा उणेच असतो, उणे १९ म्हणजे झकास, उणे २७ च्या खाली गेला की रडारड सुरू. बर्फाळ प्रदेशातल्या तापमानासारखं समजायचं, शून्याच्या जितकं जवळ तितकं ऊबदार. डब्यावरचा लाल दिवा लागला तर तारेत उजेडच नाही, त्याला फोन करायचा. लाल दिवा नसूनही नेट नसेल, तर आधी डबा बंद करून चालू करायचा आणि मग फोन करायचा.

सगळं जोडल्यावर हौसेनं मी २०० चा प्लॅन एक महिना घेऊन पाहिला. वेग मोजला, ९४. भांडायला निघाले होते. भाच्यानं फोनवर थांबवलं. "मामी, कॉम्प्युटरपर्यंतची केबल कुणी घातली?" कॅमेरेवाल्यानं. "तिच्या टोकात किती रंगीत तारा दिसतात?" पारदर्शक टोक उजेडात धरून मोजल्या तर चारच. आत आठ होत्या, चार त्यानं कापून टाकल्या होत्या. चार तारांवर १०० च्या वर जाता येत नाही. केबलवाल्यानं दहा मिनिटांत टोक बदलून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. पुढच्या महिन्यात १०० वर परत आले, आम्हाला तेवढं पुरतं.

भारत सरकारनं २००४ मध्ये ब्रॉडबँडचं धोरण केलं, तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे. २०२३ मध्ये ती किमान रेषा २ एमबीपीएसवर नेली. २५६ नं माझी स्मरणिका पाठवायला ३५ तास लागले असते, दीड दिवसाच्या गणपतीइतके. आता सात-आठ मिनिटं लागतात. दोनदा तार तुटली. एकदा वानरांनी तिचा झोका केला, एकदा नळाच्या पाइपासाठी गल्ली खोदणाऱ्या जेसीबीनं खांबच हलवला. दोन्ही वेळा केबलवाला दोन तासांत आला. त्या दोन तासांसाठी मी मोबाइलवरचं ५जी ठेवलं आहे. दुसरी फायबर मुद्दाम घेतली नाही, कारण ती त्याच खांबावरून आली असती.

परवा एका अहवालात चेअरमनच्या वडिलांचं नाव चुकलं. रात्री सव्वानऊला फोन आला. दुरुस्त केला, पाठवायला लावला, आणि वीज गेली. अंधारात फक्त तो वहीएवढा यूपीएस आणि डब्यावरचे हिरवे दिवे. मुलीचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर. ८८, ९३, ९७. सत्त्याण्णवला मी डोळे मिटले. नारायण पेठेतून मेसेज आला, "मिळाली. सकाळच्या गाडीला प्लेटा देतो."

पोरगा अजून दारातच होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्हची दोरी लोंबत होती. मी म्हटलं, "अरे, गेली की फाइल. तू कशाला कॉपी करून ठेवलीस?"

तो म्हणाला, "असू दे काकू. गल्लीच्या तोंडाशी जेसीबी उभा आहे."